फुलेऱ्याचा दुधी आणि आपला वन्समोअर

प्राइम व्हिडिओवरच्या ‘पंचायत’ या हिंदी वेबसिरीजचा चौथा सीझन २४ जून २०२५ला आला. त्यावरचा वाद मात्र अजून मिटायला तयार नाही. कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहा पिणारे असोत नाहीतर रंकाळ्याच्या कठड्यावर बसणारे, सूर दोनच. एक म्हणतो, ‘‘पहिल्यासारखं काय राहिलं नाही गा, नुसतं राजकारण लावलंय.’’ दुसरा म्हणतो, ‘‘तुला कळंना झालंय, तू आपला रील बघत बस.’’ पहिला किती वेळा हसू आलं ते मोजतो, दुसरा विषय किती गंभीर होता ते मोजतो, आणि तराजू दोघांचाही तोच: एका पारड्यात विनोद, दुसऱ्यात नाट्य, एक वर गेलं की दुसरं खाली जाणारच. हा तराजूच खोटा आहे. ज्यांना चौथा सीझन फिका लागला त्यांच्या जिभेत खोट नाही. तो फिका आहेच. पण कारण ते सांगतात ते नव्हे, आणि ‘पुन्हा आधीसारखं करा’ ही त्यांची मागणी पुरी झाली तर उरलीसुरली सिरीजही हातची जाईल. माझ्या मते फुलेऱ्यात, म्हणजे सिरीजमधल्या गावात, विनोद आणि दुःख एका घरात नांदत होते, आता त्यांच्या चुली वेगळ्या झाल्यात. बाकी सगळ्या तक्रारी या एका वाटणीतून निघतात.

आधी तक्रारदारांची बाजू ऐकू, कारण ती वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. पहिला सीझन ३ एप्रिल २०२०ला आला. देशात लॉकडाऊन २५ मार्चला लागलेला, म्हणजे तो दहावा दिवस. बाहेर पडायची चोरी, टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ आकडे, आणि अशा वेळी एक इंजिनिअर पोरगा वीस हजारांच्या पगारावर उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यात, फुलेरा नावाच्या खेड्यात, पंचायत सचिव म्हणून रुजू होतो आणि त्याचा पहिला दिवस कार्यालयाच्या कुलपाची किल्ली शोधण्यात जातो. एवढ्याशा अडचणीवर हसता येणं ही त्या दिवसांत चैन नव्हती. लोकांचं त्या गावाशी जे नातं जुळलं ते आजोळासारखं होतं, आणि आजोळी गेल्यावर मामा-मामी भांडताना बघायला कुणालाच आवडत नाही. तेव्हा ‘आम्ही हलकंफुलकं बघायला आलो, तुम्ही आमच्यापुढे निवडणूक वाढलीत’ हा आरोप बालिश म्हणून झटकता येत नाही. पाटीवर मिसळ लिहून ताटलीत उपमा दिला तर गिऱ्हाईक ओरडणारच, उपमा कितीही चांगला असो.

फक्त एक अडचण आहे. हेच गिऱ्हाईक दुसऱ्या सीझनला ओरडलं नव्हतं. त्या सीझनचा शेवट आठवा: उपप्रधान प्रल्हादचा फौजेतला एकुलता मुलगा जातो, आणि सात भाग ज्याच्या दिलखुलास हसण्यावर आपण हसलो तो माणूस गप्प होतो. यापेक्षा जड शेवट विनोदी म्हणवणाऱ्या सिरीजला कुठला द्यायचा? तरी त्या सीझनला लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि २०२३ साली गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, वेबसिरीजचं पारितोषिक पहिल्यांदाच ठेवलं गेलं तेव्हा तेही त्यालाच मिळालं. म्हणजे रडू आलं म्हणून कुणी पाठ फिरवली नव्हती. मग चौथ्या सीझनला ‘फार गंभीर झालं’ ही तक्रार कशी टिकते? प्रल्हादच्या मुलाच्या मरणापेक्षा ग्रामपंचायतीची निवडणूक गंभीर आहे काय?

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तोही सोडून देण्यासारखा नाही. प्राइमने भारतात १७ जून २०२५पासून जाहिराती सुरू केल्या. त्या नको असतील तर तेव्हा महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये जादा मोजायचे होते. बरोबर सात दिवसांनी हा सीझन आला. वर्गणी भरून बसलेल्या माणसाला मध्येच साबणाची जाहिरात दिसते, आठ भाग संपल्यावर बऱ्याच गोष्टी लोंबकळत राहतात आणि महिना उलटायच्या आत पाचव्या सीझनची घोषणा होते. आपल्याला पुढच्या गाडीच्या थांब्यावर उतरवून दिलं असं त्याला वाटलं तर दोष त्याचा नाही. पण हा राग व्यवहाराचा आहे. तो कथेवर काढला की बोलण्याचा गुंता होतो, आणि गेले कित्येक दिवस तोच गुंता चाललाय.

आता चुलीकडे वळू. पहिल्या सीझनचा जवळजवळ प्रत्येक भाग एका वस्तूवर उभा आहे. सौरदिवे कुणाच्या दारात लागणार, भिंतीवर कुटुंबनियोजनाची कुठली घोषणा रंगवायची, चोरीला गेलेला मॉनिटर, चाकांची खुर्ची. खुर्चीचंच घ्या. सचिवाला रात्री कार्यालयात बसून एमबीए प्रवेशाच्या ‘कॅट’ परीक्षेचा अभ्यास करायचाय, साध्या खुर्चीवर तासन्‌तास बसवत नाही, म्हणून तो फिरती खुर्ची आणतो. गावात वरात येते, नवरदेवाचा डोळा त्या खुर्चीवर पडतो आणि गडी अडून बसतो. आपण हसतो ते नवरदेवाच्या हट्टाला. पण नीट बघा: पैसे सचिवाचे गेलेत, पाठ सचिवाची दुखणार आहे, अभ्यास त्याचा बुडणार आहे आणि चारचौघांत मान त्याचीच खाली जाणार आहे. वरात हे गावाचं मोठेपण, ते मोडलं तर प्रधानाची, म्हणजे तिकडच्या सरपंचाची, अब्रू जाते. खुर्ची हे सचिवाचं गावातून सुटण्याचं साधन, ती गेली तर त्याची वाट लांबते. हसू आणि ठसठस त्याच चाकांवर फिरते. तसंच मंजूदेवीचं. गावाने निवडून दिलेली प्रधान ती, कारभार नवऱ्याच्या हातात (गाव ‘प्रधान’ म्हणतं ते त्यालाच), आणि प्रजासत्ताक दिनी झेंडा तिनेच फडकवायचा म्हटल्यावर राष्ट्रगीत पाठ करायची पाळी येते. पाठांतराची फजिती हसवते, आणि त्याच फजितीत एक बाई पहिल्यांदा स्वतःच्या पदाचं काम करत असते. (आपल्याकडे ‘प्रधानपती’ला खदाखदा हसणाऱ्यांनी आपल्या गावच्या ‘सरपंचपती’ला परवाच्या सत्कारात शाल कुणी घातली ते आठवावं. महाराष्ट्रात २०११पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. खुर्च्या किती जणींच्या आहेत, हा निराळा लेख होईल.)

मराठी माणसाला ही युक्ती नवी नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग १९१९ साली झाला, ते गेल्यानंतर महिन्याभरात. त्या नाटकात सगळ्यांत जास्त हशा घेणारा माणूस कोण? तळीराम. आर्यमदिरामंडळाचे ठराव, मद्यपींची शास्त्रार्थाच्या थाटातली बडबड, लोक पोट धरून हसत. आणि सुधाकरच्या हातात पहिला पेला देणारा माणूस कोण? तोच तळीराम. ज्या हाताने हसवलं त्याच हाताने घर बुडवलं. नाटककाराने विनोदासाठी एक पात्र आणि शोकासाठी दुसरं अशी सरळ वाटणी केली असती तर सुधाकरच्या बायकोचं, सिंधूचं, दुःख रडकं झालं असतं आणि तळीराम नकला करणारा उरला असता. मंडळाच्या बैठकीला हसून झाल्यावर सिंधूच्या घरातलं जातं ऐकू येतं तेव्हा प्रेक्षकाला आपल्याच हसण्याची लाज वाटते. विनोदी नाट्याचं खरं यंत्र हे. हशांची संख्या त्यात कुठेच येत नाही.

चौथ्या सीझनमध्ये या यंत्राचा पट्टा निसटलाय. प्रधानपदाच्या निवडणुकीत मंजूदेवीचं चिन्ह दुधी, विरोधातल्या क्रांतीदेवीचं प्रेशर कुकर. घोषणा आल्या, मिरवणुका आल्या, शिट्ट्या आल्या. चिन्हं गमतीची आहेत आणि खरीही आहेत. स्थानिक निवडणुकीत कपबशी, छत्री, कपाट, रोडरोलर यांवर शिक्के मारलेल्या मतदाराला दुधी खोटा वाटायचं कारण नाही. अडचण अशी की पहिल्या सीझनची खुर्ची बसायच्या कामाची होती, तिला किंमत होती, ती गेल्यावर कुणाचं तरी अडलं. चौथ्यातला दुधी हातात धरून नाचवायचा आहे, भाजीला घेतला तरी प्रचार म्हणूनच. तो हरवला तर कुणाचंच काही अडत नाही, दुसरा आणता येतो. मग विनोद दुध्यापाशी राहिला आणि दुःख प्रधानाच्या बैठकीत जाऊन बसलं: प्रधानावर गोळी कुणी झाडली, आमदार काय करणार, घर कसं सावरायचं. प्रेक्षक घोषणांच्या प्रसंगात हसतो, बैठकीच्या प्रसंगात घड्याळ बघतो आणि शेवटी म्हणतो, ‘राजकारण फार झालं’. त्याला जाणवतंय ते अंतर बरोबर आहे, नाव चुकीचं दिलंय. पुरावा त्याच सीझनमध्ये आहे. विरोधी गोटातल्या विनोद नावाच्या गरीब गड्याला आपल्याकडे ओढायला प्रधानाची मंडळी त्याला घरी बोलावून पोटभर जेवू घालतात आणि मग हळूच विषय काढतात, तो प्रसंग. जेवताना त्याच्या तोंडावरचा आनंद बघून हसू येतं, आणि विषय निघाल्यावर घास तोंडात तसाच राहतो. गरीब माणूस फुटेल हे आपणही गृहीत धरलं होतं, हे त्याच्या नकाराने कळतं. ताट एक, भूक खरी, अपमान त्याच ताटात. तो प्रसंग पूर्णपणे राजकारणाचा आहे, आणि त्याबद्दल कंटाळल्याची तक्रार कुठेच ऐकू येत नाही.

म्हणूनच ‘निवडणूक आली की विनोद आटणारच’ हे समर्थकांचं म्हणणं मला त्याहून जास्त खटकतं. निवडणुकीत विनोद आटतो? करवीर, कागल, पन्हाळा तालुक्यातल्या कुठल्याही गावात हे वाक्य म्हणून दाखवा. ग्रामपंचायतीत सदस्य सातपासून सतरापर्यंत, प्रभागात मतं काही शे, चुलत्याविरुद्ध पुतण्या उभा, आणि जिंकणं-हरणं चार मतांवर. समान मतं पडली तर चिठ्ठी. या सगळ्यात सर्वांत रंगतदार दिवस मतदानाचा नसतो; माघारीचा असतो. दुपारी तीनपर्यंत अर्ज मागे घेता येतो, त्यानंतर चिन्हवाटप. सकाळपासून तहसील कचेरीच्या आवारात दोन्ही पॅनेलचे लोक एका अपक्षाला शोधत असतात. तो निवडून येणार नाही हे त्यालाही माहीत, पण त्याच्या भावकीची साठ मतं आहेत आणि ती कुणाची तरी खाणार आहेत. त्याचा फोन बंद. बायको म्हणते रानात गेलेत, आई म्हणते जोतिबाला गेलेत. अडीच वाजता मेहुण्याच्या मोटारसायकलवरून तो उगवतो. माघारीचा अर्ज लिहून तयार, फक्त सही राहिलीय. एका खांद्यावर मामाचा हात, दुसऱ्यावर सोसायटीच्या चेअरमनचा. कुणीतरी दूध संस्थेतली जुनी भांडणं काढतं, कुणीतरी पोराच्या नोकरीचं बोलतं, कुणी नुसतंच ‘‘मर्दा, आपला माणूस तू’’ म्हणत पाठ चोळतं. पेन हातात दिलं जातं. तीनला दहा कमी. तो विचारतो, ‘‘पाणी मिळंल का जरा?’’ आवारात पळापळ. हे बघणाऱ्याला हसू आवरत नाही, आणि त्या माणसाच्या आयुष्यातली गावाने त्याला विचारण्याची ही एकमेव दुपार असते. तीन वाजून एक मिनिटाने त्याला परत कुणी ओळखणार नाही. कागद एक, सही एक, त्यातच तमाशा आणि त्यातच कळवळा. निवडणुकीचं कथानक घेऊन विनोद सुकला तर ते निवडणुकीचं पाप नाही, कागद सोडून घोषणेकडे वळलेल्या पटकथेचं आहे. तिकडे यूपीत पंचायतीला अजून मतपत्रिका आणि शिक्का, आपल्याकडे मशीन. पण मामाचा हात खांद्यावर दोन्हीकडे सारखाच पडत असणार.

मग जुनं परत आणा म्हणणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी आपल्याकडे फार चांगला दाखला आहे, आणि तो आपल्याच हौसेचा आहे. संगीत नाटकाच्या काळात वन्समोअर ही प्रेक्षकाची मालकी होती. पद आवडलं की टाळी, टाळी थांबत नाही तोवर पुन्हा पद. शाहू महाराजांनी १९१५ साली उभ्या केलेल्या पॅलेस थिएटरनेही, म्हणजे पुढच्या केशवराव भोसले नाट्यगृहाने, हे पाहिलं असणार. (८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत गेलं, शेजारचं खासबाग मैदान आणि ते नाट्यगृह अशी जोडी दुसऱ्या गावाला नव्हती.) वन्समोअर कसा चालायचा ते डोळ्यांपुढे आणा. नायिका नवऱ्याच्या पायाशी कोसळलीय. पद संपतं. पिटातून आरोळी येते. नायिका उठते, पदर सावरते, ऑर्गनवाला सूर देतो, तबलजी हातोडीने गजऱ्यावर दोन ठोके मारून घेतो, तेच पद, त्याच ताना थोड्या वाढवून, आणि मग ती पुन्हा त्याच जागी, जमल्यास त्याच पद्धतीने, कोसळते. नवरा बिचारा तोवर पाठमोरा उभा. गाणं दुसऱ्यांदा कदाचित जास्तच रंगलं, पण कोसळणं मेलं. नाटक पहाटेपर्यंत चालायचं, आणि कथा कुठे होती हे विचारायची सोय राहायची नाही. जत्रेतल्या तमाशात तेच काम दौलतजादा करते. गण झाला, गौळण झाली, बतावणी झाली, आता वग लागायचा, तर पुढच्या रांगेतून नोट येते आणि लावणी परत. वगाला उभं राहीपर्यंत मध्यरात्र उलटते. वगात सोंगाड्या असतोच, आणि राजाच्या अन्यायावर त्याने मारलेली कोपरखळी गौळणीतल्या मावशीच्या विनोदापेक्षा कितीतरी खोल जाते. पण ती ऐकायला किती जण जागे असतात?

‘आधीसारखं करा’ ही आपली नोट आहे. सचिवाला परत गावाबद्दल अनोळखी करा, प्रधानाला परत भोळा करा, प्रल्हादला परत हसता करा. म्हणजे कोसळलेल्या बाईला उठवून पुन्हा कोसळायला लावा. सचिव फुलेऱ्यात इतके दिवस राहिल्यावरही त्याला तिथलं कळत नाही असं दाखवलं तर पहिल्या भागातली किल्लीही खोटी ठरते. आणि हसवणाऱ्याला हसवण्यातच कोंडून ठेवायची आपली खोड जुनी आहे. लक्ष्मीकांत बेर्डे ऐन भरात असताना १९९२ साली ‘एक होता विदूषक’ आला. पटकथा पुलंची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, विषय तमाशातून आलेल्या विनोदी नटाचा. लक्ष्याने त्यात जे केलं ते त्याआधी आणि नंतर त्याला कुणी करू दिलं नाही, आणि चित्रपट तिकीटबारीवर पडला. तो गेल्यावर मात्र त्याच चित्रपटाचे तुकडे काढून ‘किती मोठा नट होता’ असं म्हणणारे कमी नव्हते. मागणी तसा पुरवठा हा नियम गुळाला लागू करावा. नटाला लावला की नट संपतो.

याचा अर्थ प्रेक्षकाने तोंड मिटून बसावं असा मुळीच नाही. आपल्याकडे कथा हप्त्याहप्त्याने सांगायची सवय हरी नारायण आपट्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकापासूनची तरी आहे, म्हणजे १८९०पासूनची. आठवड्याचा खंड असल्यामुळे वाचकाला पात्रं मनात मुरवायला वेळ मिळायचा, लेखकालाही कानोसा घेता यायचा. तोटाही होता: हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, ‘सूर्यग्रहण’ त्यातलीच. दैनंदिन मालिकेत तर कानोसा हाच मालक. वसगड्यातल्या वाड्यात ‘तुझ्यात जीव रंगला’ २०१६पासून चार वर्षांवर चालली, लोक गाड्या करून वाडा बघायला येत, आणि दर आठवड्याच्या टीआरपीवर अशा मालिकांमधल्या कुठल्या सुनेचा छळ लांबवायचा ते ठरतं हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. वेबसिरीजमध्ये ही दोरी नाही. लेखन, गाव ठरवणं (फुलेरा म्हणून दिसतं ते मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यातलं महोडिया), शूटिंग, संकलन, डबिंग, पार्श्वसंगीत, सबटायटल, एवढं सगळं संपल्यावर आठही भाग एकदम बाहेर येतात. पहिल्या दोन सीझनमध्ये पंचवीस महिन्यांचं अंतर होतं, दुसऱ्या-तिसऱ्यात चोवीस, तिसऱ्या-चौथ्यात जेमतेम तेरा. तेरा महिन्यांत आधीच्या सीझनबद्दल लोक काय म्हणाले ते ऐकून, विचार करून, लिहून, चित्रित करून होत नाही. तेव्हा ‘आम्ही तिसऱ्या वेळीच सांगितलं होतं, ऐकलं नाही’ या तक्रारीत दम कमी आहे. ऐकायला मध्ये फटच नव्हती. निर्मात्यांना बोल लावायचा तर या घाईबद्दल लावावा. वस्तू सापडायला वेळ लागतो, घोषणा एका बैठकीत सुचतात.

आणि थोडं आपल्याकडेही बघू. हा सीझन साधारण पाच तासांचा. पुष्कळांनी तो एका रात्रीत संपवला, त्यातल्या काहींनी दीडपट वेगाने. ‘पंचायत’चा विनोद बोलण्यापेक्षा बोलणं संपल्यावरच्या थांब्यात असतो: प्रधान काहीतरी म्हणतो, सहायक विकास सचिवाकडे बघतो, सचिव भिंतीकडे बघतो, मग कुठेतरी म्हैस हंबरते. असा चार सेकंदांचा थांबा दीडपट वेगात पावणेतीन सेकंदांच्याही आत येतो. कानाला शब्द कळतात, त्यामुळे काही हुकलं असं वाटत नाही. हुकतं ते नेमकं ज्यावर हसायचं होतं ते. त्यात जाहिरात कुठे येईल ते दिग्दर्शकाच्या हातात नाही; पेरणी झाली आणि उगवायच्या आत शेतातून रस्ता गेला असं होतं. शिवाय हसू हे लागटं असतं. थिएटरात शेजारचा हसला की आपण हसतो, घरात पाच जण मिळून बघितलं तरी चालतं. कानात हेडफोन घालून पांघरुणात फोनवर बघणाऱ्याचा ओठ फार तर हलतो. मग ‘हसूच आलं नाही’ या साक्षीला किती वजन द्यायचं? थोडं द्यावं, सगळं नाही. तिसऱ्या सीझनपर्यंत हेच लोक असेच पांघरुणात बघत होते आणि हसत होते, हेही खरं. म्हणून बघण्याच्या सवयीवर सगळं ढकलून पटकथेला मोकळं सोडणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

कुणाला हे मोजून बघायचं असेल तर वही घ्यावी. हसू आलेला प्रत्येक प्रसंग लिहायचा आणि पुढे तीन रकाने: कोणती वस्तू, ती कुणाला का हवी, नाही मिळाली तर त्याचं काय जाईल. पहिल्या सीझनच्या खुर्चीपुढे तिन्ही रकाने भरतात, मॉनिटरपुढे भरतात, राष्ट्रगीतापुढे भरतात (तिथे वस्तू म्हणजे झेंड्याची दोरी). चौथ्याच्या घोषणायुद्धांपुढे पहिला भरतो, दुसऱ्यात ‘जिंकायला’ एवढंच लिहावं लागतं, तिसरा रिकामा राहतो किंवा सगळ्यांना तेच उत्तर येतं. त्या विनोद नावाच्या गड्याच्या ताटापुढे मात्र तिसरा रकाना ओळीबाहेर जातो. वादात भाग घेणाऱ्यांनी दोन-दोन भाग जरी असे तपासले तरी ‘कॉमेडी की ड्रामा’ हा प्रश्न आपोआप बाजूला पडेल आणि बोलणं कामाच्या गोष्टीवर येईल: तिसरा रकाना कुठून रिकामा व्हायला लागला? माझा अंदाज तिसऱ्या सीझनच्या मध्यापासून, आमदाराचं वैर मोठं होत गेलं तिथून. वैर मोठं झालं की वस्तू लहान वाटायला लागते आणि लेखक ती टाकून देतो.

निवडणूक क्रांतीदेवी जिंकली. सचिव तोच, कार्यालय तेच, सत्ता समोरच्यांची. पाचव्या सीझनला वस्तू हवी असेल तर ती कार्यालयाच्या खणात पडलेली आहे. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून पंचायतीचे पैसे द्यायचे तर तिकडे प्रधान आणि सचिव, इकडे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक), दोघांच्या डिजिटल सह्या लागतात, आणि ती सही म्हणजे पेनड्राइव्हएवढं एक डोंगल. प्रधान बदलला की जुनं डोंगल बाद. नव्या नावाने ते बनवून, नोंदवून, मंजूर होईपर्यंत एक रुपया हलत नाही. आलं की मग खरा प्रश्न: ते क्रांतीदेवीच्या पदराला बांधलेलं राहणार, तिच्या नवऱ्याच्या, भूषणच्या, खिशात जाणार, की पासवर्ड आठवत नाही म्हणून रोज सकाळी सचिवाच्या टेबलावर येऊन पडणार? तेवढ्यात गल्लीतला दिवा जातो, आणि दिवा नेमका मंजूदेवीच्या दारातला असतो.